पाण्याखालची फोटोग्राफी: पहिलं साहित्य घेताना हमखास पडणारे प्रश्न

मालवणच्या जेटीवर बोट सुटायची वाट बघत असताना माझ्या हातातला कॅमेरा बघून कुणीतरी विचारतंच, "ताई, केवढ्याला पडला?" किंमत सांगितली की बोलणं तिथेच संपतं आणि खरं सांगायचं राहून जातं. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहिते आहे.

सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तुमच्या आणि माशाच्या मधलं पाणी. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. ते रंग गिळतं, कडा पुसट करतं आणि त्यात तरंगणारा गाळ फोटोभर पसरवतं. जी वस्तू हे मधलं पाणी कमी करायला मदत करते ती आधी घ्या. बाकीच्या वस्तूंना पुढच्या वर्षीपर्यंत थांबवता येतं.

डायव्हिंग अजून शिकायचं आहे. कॅमेरा आधीच घेऊन ठेवू का?

नका घेऊ. मालवण-तारकर्लीला पोहता न येणाऱ्यांसाठी ज्या इंट्रो डाइव्ह होतात, त्यात प्रशिक्षक तुम्हाला धरून नेतो आणि तुमचा व्हिडिओही बहुतेक वेळा तिथलीच मंडळी काढून देतात. त्या वेळी तुमचे हात मोकळे असले पाहिजेत आणि लक्ष श्वासावर. पुढे रीतसर ओपन वॉटर कोर्स केलात की १८ मीटरपर्यंत जाता येतं, पण कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कॅमेरा हातात घेणंही घाईचंच. माझ्या मते निदान पंचवीसेक डाइव्ह कॅमेऱ्याविना व्हाव्यात.

एक साधी परीक्षा घ्या. वाळूच्या हातभर वर, हात न मारता आणि पाय न झाडता मिनिटभर एका जागी थांबता येतं का? श्वास घेतला की शरीर किंचित वर जातं, सोडला की किंचित खाली येतं, आणि त्या दोन्हींच्या मधे तुम्ही निवांत असता. हे जमलं की तुम्ही एखाद्या जिवाच्या वीतभर अंतरावर जाऊ शकता, आणि तेवढं जवळ गेल्याशिवाय कुठलाही कॅमेरा उपयोगाचा नाही. कॅमेऱ्यासाठी साठवलेल्या पैशांतून आधी बॉयन्सीचा, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहण्याचा कोर्स आणि स्वतःच्या चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्या. चष्मा असेल तर नंबरची काच बसवता येणारा मास्क मिळतो. स्क्रीनवर फोकस लागलाय की नाही हेच दिसलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

माझा फोन वॉटरप्रूफ आहे. तोच नेला तर?

स्विमिंग पूलमध्ये किंवा किनाऱ्यालगत पृष्ठभागावरही मी नेणार नाही. फोनच्या जाहिरातीत आयपी ६८ असं लिहिलेलं असतं. आयफोन १२ पासून पुढच्या बहुतेक मॉडेलना त्याचा अर्थ ६ मीटर खोली, अर्धा तास. इतर अनेक फोनना तर दीडच मीटर. आणि ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात होते. खारं पाणी चार्जिंगच्या भोकात गंज धरतं, आणि पाण्याने बिघडलेला फोन वॉरंटीत सहसा धरत नाहीत. शिवाय ओल्या काचेवर टचस्क्रीन चालत नाही, म्हणजे फोटो काढायचं बटणच हाताशी नसतं.

गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी मिळते ती बोटीवरच्या शिंतोड्यांसाठी ठीक. डाइव्हसाठी फोनचं खरं, बटणं असलेलं, ४० मीटरपर्यंत चालणारं हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी कडक पेटी, वेगळी मिळते आणि ती चांगलं काम करते. फोन आधीच उत्तम असेल तर हा मार्ग वाईट नाही. फक्त एक विचार करा: पाणी शिरलं तर कॅमेऱ्याबरोबर तुमचे बँकेचे ओटीपी, तिकिटं आणि घरच्यांचे नंबरही जातील. मी माझा जुना फोन याच कामाला ठेवला आहे.

मग पहिला कॅमेरा कोणता?

दोनच वाटा सुचवते.

फिरत्या माशांचे थवे, कासव, बरोबरचे डायव्हर आणि मुख्यतः व्हिडिओ हवा असेल तर ॲक्शन कॅमेरा. गोप्रो हीरो मालिकेतले अलीकडचे बहुतेक कॅमेरे हाउसिंगशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, त्यांच्या संरक्षक केसमध्ये ६० मीटरपर्यंत. डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ४ नुसता १८ मीटरपर्यंत जातो. तरी डाइव्हला केसशिवाय नेऊ नका, कारण छोट्याशा दारातून एक वाळूचा कण आत गेला की छापील मीटर कामाला येत नाहीत. या कॅमेऱ्यांची अडचण वेगळीच आहे. त्यांचा फोकस ठरलेला असतो आणि साधारण फूटभराच्या आतली वस्तू धूसर येते. त्यांची नजर रुंद, त्यामुळे तीन मीटरवरचा मासा फोटोत तांदळाएवढा दिसतो. म्हणजे फूटभर ते मीटरभर एवढ्याच पट्ट्यात काम करायचं.

छोटे जीव, शिंपल्यांमधली कोळंबी, नुडीब्रँक म्हणजे रंगीबेरंगी समुद्री गोगलगायी असं काही टिपायचं असेल आणि फोटो हेच मुख्य असेल, तर मजबूत कॉम्पॅक्ट. यात ऑलिंपसचा टीजी-६ आणि त्यानंतर २०२३ साली ओएम सिस्टिम या नावाने आलेला टीजी-७ हे दोन नवख्यांचे जुने सोबती आहेत. नुसता कॅमेरा १५ मीटरपर्यंत, हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत. सेन्सर छोटा, १२ मेगापिक्सेलचाच, पण त्यातला मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून एका सेंटीमीटरवरचीही वस्तू फोकसमध्ये आणतो. मधलं पाणी कमी करायचं म्हणजे आणखी काय! एकदा मी यातूनच जेमतेम करंगळीच्या नखाएवढ्या गोगलगायीच्या पाठीवरची कल्ल्यांची पिसं मोजली होती. महागड्या कॅमेऱ्यावर खर्च न करता हे होऊ शकतं, हे त्या दिवशी मला पटलं.

कॉम्पॅक्ट घेताना तीन गोष्टी तपासा: रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) निघते का, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) पाण्याखाली हाताने लावता येतो का, आणि त्या मॉडेलचं हाउसिंग आज बाजारात आहे का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हाउसिंग एकाच मॉडेलसाठी बनलेलं असतं. बटण दोन मिलिमीटर सरकलं तरी नव्या मॉडेलला जुनं हाउसिंग बसत नाही. त्यामुळे आधी हाउसिंग शोधा आणि मग त्यात बसणारा कॅमेरा घ्या.

घरी मिररलेस आहे. त्यालाच हाउसिंग घेतलं तर स्वस्त नाही का पडणार?

पडणार नाही. मिररलेसचं चांगलं हाउसिंग बऱ्याचदा कॅमेऱ्याहून महाग असतं. त्यावर प्रत्येक लेन्ससाठी वेगळा पोर्ट, म्हणजे लेन्ससमोरची काच. त्यावर झूम फिरवायची गिअर रिंग. दोन स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचे वेगळे फ्लॅश, ते धरायचे आर्म, क्लॅम्प. आणि हे सगळं न्यायला वेगळी बॅग.

पोर्टबद्दल मात्र थोडं सांगते, कारण पैसे इथेच चुकतात. सपाट काचेतून पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ दिसते. मॅक्रोला, म्हणजे छोट्या जिवांचे अगदी जवळून फोटो काढायला, हे फायद्याचं. पण रुंद लेन्स सपाट काचेमागे ठेवली तर तिची रुंदी कापली जाते आणि कडांना रंग फाटतात. म्हणून वाइडसाठी घुमटासारखा डोम पोर्ट लागतो. सुरुवातीला एकच प्रकार निवडा. मी मॅक्रो निवडायला सांगते. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात तेच जास्त दिवस साथ देतं आणि सपाट पोर्ट स्वस्तही पडतो.

हाउसिंग पॉलिकार्बोनेटचं की अॅल्युमिनियमचं? पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक असतं, ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) नीट बसलीय की नाही आणि आत थेंब शिरलाय का हे नुसतं बघून कळतं. नवख्यासाठी ही फार मोठी सोय आहे. अॅल्युमिनियमचं टिकतं, वाफ कमी धरतं, पण खिसा रिकामा करतं. शंभरेक डाइव्ह झाल्यावर त्याचा विचार करा.

माझे सगळे फोटो निळे-हिरवे येतात. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा बरोबर आहे, उजेड अर्धवट आहे. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी सगळ्यात आधी शोषून घेतं. पाच मीटरवर तो बहुतेक विरलेला असतो, मग नारिंगी जातो, मग पिवळा. उरतो तो निळा, आणि किनाऱ्याजवळच्या शेवाळाच्या पाण्यात हिरवा. बोट कापलं तर दहा-पंधरा मीटरवर रक्त काळपट हिरवं दिसतं.

यात बहुतेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. रंग फक्त खोलीमुळे जात नाही, अंतरामुळेही जातो. तुम्ही पाच मीटर खोल आहात आणि मासा दोन मीटर लांब आहे, तर माशाकडून तुमच्याकडे येणाऱ्या उजेडाने सात मीटर पाणी कापलेलं असतं. तोच मासा अर्ध्या मीटरवर असेल तर दीड मीटर पाणी वाचलं. फुकटात मिळालेला रंग! म्हणून कुणी फोटो दाखवून "रंग का नाही" असं विचारलं की मी आधी विचारते, "किती लांब होतात?"

कॅमेरा रॉमध्ये ठेवा, म्हणजे घरी संगणकावर व्हाइट बॅलन्स मागाहून नीट करता येतो. पण जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही तो कुठलंही सॉफ्टवेअर आणून देणार नाही. तो उजेडानेच आणावा लागतो.

लाल फिल्टर लावून भागेल का?

स्वच्छ निळ्या पाण्यात, साधारण ५ ते २० मीटरच्या दरम्यान, उन्हाच्या वेळी, व्हिडिओसाठी भागतं. मालवण-गोव्याच्या हिरवट पाण्यात लालपेक्षा मजेंटा फिल्टर बरा. फिल्टर रंग घालत नाही. इतर रंग अडवून तोल साधतो, म्हणजे उजेड आणखी कमी होतो. आणि फिल्टर लावून फ्लॅश मारू नका, सगळं लालभडक येईल.

स्ट्रोब घेऊ की व्हिडिओ लाइट?

ही निवड कॅमेऱ्याच्या निवडीपेक्षा मोठी आहे. माझ्यापाशी ठरावीक रक्कम असेल तर मी कॅमेरा एक पायरी खालचा घेईन आणि उरलेले पैसे उजेडावर घालीन. १९२६ साली फ्लोरिडाजवळच्या समुद्रात लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला, तेव्हा त्यांनी वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड उडवून उजेड पाडला होता. शंभर वर्षांत साधनं बदलली, उजेड स्वतः न्यावा लागतो ही गोष्ट तशीच राहिली.

फोटो हेच ध्येय असेल तर स्ट्रोब. त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो, त्यामुळे हलणारा मासा आणि हलणारे तुम्ही, दोन्ही थिजतात. ताकद एवढी की दुपारच्या उन्हातही लाल रंग परत येतो. व्हिडिओ लाइटने दिसतं तसं मिळतं, शिकायला सोपं, व्हिडिओला पर्यायच नाही. पण फोटोसाठी तो अशक्त पडतो, आणि सतत डोळ्यांवर उजेड पडला की मासे बिळात जातात.

एका स्ट्रोबने सुरुवात करा. मॅक्रोसाठी एक पुरतो. तो कॅमेऱ्याला फायबर ऑप्टिक केबलने जोडला जातो: कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उडाला की त्याचा उजेड केबलमधून जातो आणि स्ट्रोब पेटतो. म्हणून कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅश आहे का हे आधी बघा. बऱ्याच स्ट्रोबमध्ये चार डबल-ए सेल लागतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेलचे दोन संच ठेवा. नेहमीच्या अल्कलाइन सेलवर स्ट्रोब पुन्हा भरायला इतका वेळ घेतो की तोवर मासा पलीकडच्या खडकामागे गेलेला असतो.

रात्रीच्या डाइव्हला फोकससाठी लाल उजेडाचा छोटा टॉर्च उपयोगी पडतो. पुष्कळ जीव लाल उजेडाने बिचकत नाहीत.

फ्लॅश मारला की फोटोत बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात. का?

पाण्यातला गाळ आणि सूक्ष्म जीव चमकतात. फ्लॅश लेन्सला चिकटून असला की उजेड समोरच्या प्रत्येक कणावर आपटून थेट परत येतो. घाटात धुक्यात अप्पर लाइट लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसंच.

उपाय: कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश कागदाने किंवा हाउसिंगबरोबर येणाऱ्या झाकणाने अडवा, स्ट्रोब आर्मवर लांब न्या, पोर्टच्या रेषेच्या थोडा मागे ठेवा आणि तोंड किंचित बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे उजेडाच्या झोताची फक्त कड माशावर पडेल. आणि पुन्हा तेच, जवळ जा. मधे वीतभर पाणी असेल तर त्यात गाळ तरी किती मावणार?

वेट लेन्स म्हणजे काय? लागते का?

पोर्टच्या बाहेरून, पाण्यातच लावता-काढता येणारी लेन्स. एकाच डाइव्हमध्ये आधी गोगलगाय आणि मग कासव दोन्ही टिपता येतं. टीजीसारख्या कॅमेऱ्याला मॅक्रो वेट लेन्स लगेच लागत नाही, त्याची स्वतःचीच ताकद पुरेशी आहे; त्याला आधी वाइड वेट लेन्स घ्या. लावल्यावर दोन काचांमध्ये हवेचा बुडबुडा अडकतो, तो पाण्यात गेल्या गेल्या लेन्स सैल करून काढायचा. हे विसरलं की अख्ख्या डाइव्हचे फोटो धूसर येतात.

ट्रे, आर्म, दोरी यांवर खर्च करावा का?

हो, आणि सुरुवातीलाच. दोन मुठींचा ट्रे हात स्थिर ठेवतो. सेल्फी स्टिक मात्र नको, ती घेऊन लोक प्रवाळांवर आपटतात. कॅमेरा बीसीडीच्या, म्हणजे हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या रिंगला अडकवायची स्प्रिंगसारखी दोरी घ्या, कारण कधीतरी दोन्ही हात एकदम मोकळे करावे लागतात. मनगटातली दोरी फक्त पृष्ठभागावर ठीक.

ओ-रिंगची एवढी काळजी खरंच करावी लागते?

दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. त्या दाबाच्या आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या मधे काय असतं? बांगडीएवढी रबरी कडी.

माझा एक कॅमेरा गेला तो एका केसामुळे. तारकर्लीची सकाळ होती, बोट निघायची घाई होती. बॅटरी बदलली आणि बोटीच्या फळीवर बसूनच हाउसिंग बंद केलं. खाली सात-आठ मीटरवर स्क्रीनच्या कोपऱ्यात एक थेंब दिसला. आधी वाटलं, वाफ असेल. मग तो थेंब घरंगळला आणि त्याच्यामागे दुसरा आला. वर येऊन उघडलं तर काळ्या ओ-रिंगवर आडवा पडलेला माझा स्वतःचाच लांब केस. काळ्या रबरावर काळा केस, दिसणार कसा? बोटीवरचे काका म्हणाले, "ताई, घाई केलात." खरंच होतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. हाउसिंग आदल्या रात्री खोलीत, पंखा बंद करून, केस बांधून, धुतलेल्या हातांनी बंद करायचं. ओ-रिंग काढताना टोकदार काहीही वापरायचं नाही. दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबून फुगवटा आला की तो चिमटीत धरायचा, नाहीतर जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा. मग ती बोटांमधून हळूहळू फिरवायची, डोळे मिटून. वाळूचा कण डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. खाचेतून धागे न सुटणारं कापड फिरवायचं. ग्रीस मुगाच्या दाण्याएवढं, रबर चमकेल इतकंच; जास्त लावलं तर तेच कचरा धरून ठेवतं. ग्रीस हाउसिंगच्या कंपनीने सांगितलेलंच, व्हॅसलिन कधीही नाही, त्याने रबर फुगून खराब होऊ शकतं. बंद केल्यावर टॉर्चच्या उजेडात चारी कडा बघायच्या.

नवीन हाउसिंग आलं की पहिली डाइव्ह रिकामी. आत टिश्यू पेपर ठेवा आणि खाली न्या. टिश्यू कोरडा आला तर दुसऱ्या डाइव्हला कॅमेरा. व्हॅक्यूमची सोय असलेलं हाउसिंग परवडत असेल तर जरूर घ्या. आतली हवा छोट्या पंपाने थोडी काढून घेतात आणि दाब टिकला तर हिरवा दिवा लागतो, म्हणजे गळती पाण्यात उतरायच्या आधीच कळते.

डाइव्हनंतर मीठ वाळू देऊ नका. गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि पाण्यातच सगळी बटणं दाबा, नाहीतर बटणाच्या दांड्यावर मिठाचे स्फटिक धरतात. सगळ्यांचे कॅमेरे असलेल्या एकाच पिंपात आपला सोडून जेवायला जाऊ नका.

हाउसिंगच्या आत वाफ धरते. काय करू?

किनाऱ्यावरची दमट हवा हाउसिंगमध्ये बंद झाली की खाली थंड पाण्यात तिचं दव होतं. एसी खोलीत बंद करा, तिथली हवा कोरडी असते. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, फक्त ती ओ-रिंगखाली येणार नाही असं बघा. आणि बोटीवर कॅमेरा उन्हात ठेवू नका. ओला टॉवेल टाका.

पाणी शिरलंच तर?

आधी स्वतःचा जीव. घाबरून वर धाव घ्यायची नाही. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही, आणि पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा सोडायचा नाही. तोवर हाउसिंगची काच खाली धरा, म्हणजे शिरलेलं पाणी काचेकडे साठेल आणि बॅटरीपासून लांब राहील. वर आल्यावर आधी कॅमेरा बंद, मग बॅटरी आणि कार्ड बाहेर. हाउसिंग उघडताना तोंड लांब ठेवा, भिजलेल्या बॅटरीमुळे आत दाब वाढलेला असू शकतो. खारं पाणी आत गेलंच असेल तर कॅमेरा गोड्या पाण्याने धुऊन दुरुस्तीला द्या. "चालतोय का बघू" म्हणून चालू करू नका. कार्ड मात्र पुष्कळदा वाचतं. माझं वाचलं होतं.

सुरुवातीला सेटिंग काय ठेवू?

टीजीवर पाण्याखालचा मॅक्रो मोड लावा आणि पहिल्या दहा डाइव्ह फक्त जवळ जायला शिका. मिररलेसवर मॅन्युअल: मॅक्रोला स्ट्रोबसह शटर १/२००, अॅपर्चर एफ १६, आयएसओ २००. वाइडला १/१२५, एफ ८, आयएसओ २०० ते ४००. मागचं पाणी फार काळं आलं तर शटर थोडं सावकाश करा. आणि वरून खाली फोटो काढू नका, माशाच्या नजरेच्या पातळीवर किंवा थोडं खाली जा.

सेकंडहँड घ्यावं का?

स्ट्रोब आणि हाउसिंग घ्यावं, बघून घ्यावं. बॅटरीचं झाकण उघडून टोकांवर हिरवी-पांढरी पूड आहे का बघा. असेल तर पाणी शिरून गेलं आहे. प्रत्येक बटण दाबून ते आपोआप परत वर येतं का बघा. काचेवर नख फिरवा. ओ-रिंग मात्र नव्याच घाला. पाण्याखाली वापरलेला कॅमेरा मी स्वतः जुना घेत नाही. खारं पाणी आत काय करून गेलंय ते बाहेरून कळत नाही.

आपल्याकडे सराव कुठे करता येईल?

पोहायच्या तलावात. खरंच. तळाशी एक फरशी, एक प्लॅस्टिकचं फूल आणि लाल रंगाचं काहीतरी ठेवा आणि तासभर फोकस, स्ट्रोबचा कोन, बटणं हे सगळं करून बघा. तलावाच्या व्यवस्थापनाला मात्र आधी विचारा.

समुद्रात आपल्या जवळचं म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा परिसर. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्थाही आहे. इथलं पाणी काही दिवस पाच-सात मीटर स्पष्ट, काही दिवस हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. बोटवाले आधीच सांगतात, "ताई, आज पाणी गढूळ आसा, लांबचा काय दिसाचा नाय." अशा दिवशी मी वाइड लेन्स काढूनच ठेवते आणि एकाच खडकावर अख्खी डाइव्ह घालवते. खेकडे, समुद्रफुलं, बिळातून डोकावणारे छोटे ब्लेनी मासे, सगळं त्या एका खडकावर असतं. गोव्याचं ग्रांद बेट आणि मुर्डेश्वरसमोरचं नेत्राणी हे पुढचे टप्पे. पावसाळ्यात हे सगळं बंद. वाइड लेन्स नेण्याजोगं पाणी हवं असेल तर अंदमान किंवा लक्षद्वीप.

चांगल्या फोटोसाठी जीव थोडा हलवला, प्रवाळाला धरलं तर चालेल?

नाही. प्रवाळ हा दगड नाही, हजारो जिवांची वसाहत आहे, आणि वाढतो तो वर्षाला थोडासाच. तुमच्या पायातल्या फिनच्या एका फटक्याने मोडलेली फांदी तुमच्या मुलांच्या वयातही पुरती भरून येईलच असं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडचे प्रवाळ संरक्षित आहेत, तोडणं किंवा तुकडा घरी आणणं गुन्हा आहे. फोटोसाठी गोगलगाय उचलून "चांगल्या" पार्श्वभूमीवर ठेवणारे डायव्हर मी पाहिलेत. ती बहुधा जिथे बसलेली असते तेच तिचं अन्न असतं. समुद्री घोड्यावर लागोपाठ स्ट्रोब मारू नका. चार-पाच फोटो काढा आणि सोडून द्या. मासे जमावेत म्हणून पाव टाकणाऱ्या बोटवाल्याला नम्रपणे सांगा की आपल्याला तसे फोटो नकोत.

विमानाने नेताना काय काळजी घ्यावी?

सगळ्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांना चिकटपट्टी लावून. १०० वॅट-अवरपर्यंतच्या सहसा चालतात. टॉर्चमधून बॅटरी काढून ठेवा, चुकून पेटलेला डाइव्ह टॉर्च बॅगेत भयंकर तापतो. हाउसिंगची मुख्य ओ-रिंग काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. विमानातल्या कमी दाबात बंद हाउसिंगमधली हवा बाहेर निसटली की ते खाली उतरल्यावर उघडता उघडत नाही, आणि ओ-रिंग काढलेली असली की ती पुन्हा बसवताना आपोआप साफही होते.

आणि परतीचं तिकीट काढताना शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास जातील असं बघा. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२. अंदमानच्या स्वराज द्वीपहून (हॅवलॉक) निघणाऱ्यांनी हा हिशेब बोटीच्या वेळेचा नाही, विमानाच्या वेळेचा धरायचा. त्या मोकळ्या संध्याकाळी कॅमेरा धुवा, सगळी बटणं दाबून बघा आणि कार्डाची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर काढून ठेवा.